समुद्रात वारा, बांधीत पाणी

चक्रीवादळ गोंदिया जिल्ह्यात पोहोचते तेव्हा त्यातले वादळ संपलेले असते. आंध्रचा किनारा इथून साधारण पावणेसहाशे किलोमीटर दूर आहे. तेवढ्या वाटेत वाऱ्याचा जोर ओसरतो, पाणी मात्र शिल्लक राहते. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री ‘मोंथा’ नरसापूरजवळ किनाऱ्यावर चढले, तेव्हा त्याचा वारा ताशी ९० ते १०० किलोमीटर होता. पुढच्या दोन दिवसांत तेलंगण आणि दक्षिण छत्तीसगडच्या बाजूने सरकताना ते क्षीण होत गेले आणि पूर्व विदर्भावर पाऊस टाकून विरले. तेव्हा हलका धान कापणीला आलेला होता. काही बांध्यांत तो कापूनही पडला होता.

कापलेला धान सुकावा म्हणून दोन-चार दिवस बांधीतच कडपा पसरून ठेवायची इथली रीत आहे. बांधीला चारही अंगांनी धुरे असतात. रोवणीच्या वेळी धुऱ्यांनी अडवलेले जे पाणी हवेहवेसे वाटते, तेच ऑक्टोबरअखेर कडपांखाली साचून राहते. लोंबी पाण्याला टेकून राहिली की काही दिवसांतच दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब दिसू लागतो. कोंब न फुटलेला दाणाही काळवंडतो आणि गिरणीत त्याची कणी होते. आधारभूत खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १७ टक्के असल्याने असा माल काट्यावर चढतच नाही. वर्षाची मेहनत वाऱ्याची एक झुळूकही न येता जाते. म्हणून चक्रीवादळ समुद्रातच मोडता येईल का, किंवा त्याची वाट वळवता येईल का, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाइतकाच वैनगंगेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचाही आहे. शास्त्रज्ञ त्याच्याशी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ झुंजत आहेत.

चक्रीवादळाचे हे यंत्र चालते कशावर, ते आधी पाहावे लागते. समुद्राचे पाणी वरच्या ५० मीटरपर्यंत साडेसव्वीस अंशांहून गरम असले, की त्याची वाफ वर चढते, थंड होऊन ढग होते आणि वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता हवेत परत सोडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते आणि तिच्या जागी खालून आणखी हवा आत ओढली जाते. एका एकराच्या बांधीत इंचभर पाऊस पडला, तर ते सुमारे एक लाख लिटर पाणी होते. तेवढ्या वाफेचे पाणी होताना ढगात जी उष्णता सुटलेली असते, ती ७० हजार युनिट विजेइतकी भरते. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराला ती ५८ वर्षे पुरेल. हा एका एकराचा आणि एका इंचाचा हिशेब झाला. पूर्ण वाढलेल्या सरासरी चक्रीवादळात ढग होताना सुटणारी उष्णता ६० कोटी मेगावॉटच्या घरात जाते. तिरोड्याचा औष्णिक प्रकल्प ३,३०० मेगावॉटचा आहे. असे एक लाख ऐंशी हजार प्रकल्प एकाच वेळी चालवावेत, तेवढी ती ताकद. वादळावर अणुबॉम्ब टाकावा, ही सूचना अमेरिकेत दर काही वर्षांनी डोके वर काढते. या आकड्यापुढे ती टिकत नाही, आणि किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येईल ते वेगळेच.

पहिला प्रयोग १३ ऑक्टोबर १९४७ रोजी झाला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि लष्कर यांचा ‘प्रोजेक्ट सिरस’ चालू होता. त्याचे प्रेरणास्थान होते १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेले आयर्व्हिंग लँगम्युर. विमानातून जवळपास ८० किलो कोरडा बर्फ एका वादळाच्या ढगांत टाकण्यात आला. वादळ तोवर किनाऱ्यापासून दूर, अटलांटिकमध्ये निघाले होते. प्रयोगानंतर ते पश्चिमेकडे वळले आणि जॉर्जियातल्या सव्हाना शहरावर आदळले. लोक संतापले, खटल्यांची भाषा झाली. लँगम्युर मात्र वळण आपल्याच बर्फामुळे आले असे ठामपणे सांगत राहिले. पुढे नोंदी तपासल्यावर दिसले, की वादळ बर्फ टाकण्याआधीच वळायला लागले होते आणि १९०६ मध्ये एका वादळाने अशीच वाट आपणहून धरली होती. निसर्गाने केलेले काय आणि माणसाने केलेले काय, हे वेगळे काढायचे कसे? या विषयाचा सगळा पेच पहिल्याच प्रयोगात समोर आला आणि तो आजही सुटलेला नाही.

त्यानंतर आला ‘स्टॉर्मफ्युरी’. १९६२ ते १९८३ असा एकवीस वर्षे चाललेला हा अमेरिकी सरकारचा प्रकल्प. त्यामागचा विचार खरोखर देखणा होता. वादळाच्या डोळ्याभोवती ढगांची जी उंच भिंत असते, तिच्या बाहेरच्या अंगाला सिल्व्हर आयोडाइड फवारायचे. शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाणी तिथे ढगांत असते. फवाऱ्याने ते गोठेल, उष्णता सोडेल, बाहेर नवी भिंत उभी राहील आणि आतल्या भिंतीचा ओलावा तोडेल. घेर वाढला की फिरण्याचा वेग घटणार. वारा १० टक्क्यांनी कमी झाला तरी नुकसान बरेच घटते, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो.

ऑगस्ट १९६९ मध्ये ‘डेबी’ वादळावर दोन दिवस फवारणी झाली. एका दिवशी वारा ३१ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या फवारणीनंतर १८ टक्क्यांनी. मधल्या दिवशी फवारणी नव्हती, तेव्हा वादळाने पुन्हा जोर धरला. यापेक्षा बोलका निकाल कोणाला हवा? पण पुढच्या वर्षांत विमानांनी अनेक वादळांत शिरून मोजमाप केले, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. चक्रीवादळाच्या ढगांत न गोठलेले थंड पाणी फार थोडे असते आणि बर्फ आधीच भरपूर असतो. म्हणजे फवाऱ्याला काम करायला जागाच नाही. शिवाय जोरदार वादळे बाहेर नवी भिंत उभारून जुनी टाकून देण्याचा खेळ कोणी हात न लावताही करतात आणि तेवढा वेळ त्यांचा वारा उतरतो. ‘डेबी’ने दोन्ही दिवशी तेच केले असण्याची शक्यता मोठी होती. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याची धुरा वाहिलेल्या जोॲन सिम्पसन या अमेरिकेत हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला. उष्ण कटिबंधातला पाऊस अवकाशातून मोजणाऱ्या ‘टीआरएमएम’ उपग्रहाचे शास्त्रीय नेतृत्व पुढे त्यांनीच केले. तो १९९७ मध्ये सुटला आणि बंगालच्या उपसागरावरचा पाऊसही त्याने मोजला. वादळ मोडायला निघालेल्या पिढीच्या हाती अखेर ते नीट मोजण्याचे साधन आले, आणि सर्वांत मोलाची कमाई तीच.

ढगांत फवारणी करून भागेना, तेव्हा लक्ष खालच्या पाण्याकडे वळले. इंधन तोडले की यंत्र थांबेल, हा तर्क सरळ आहे. समुद्रावर तेलकट पदार्थाचा पातळ थर पसरून वाफ अडवायची, हा एक उपाय. लाटा उसळल्या की तो थर फाटतो आणि वादळात लाटाच असतात. स्कॉटलंडचे स्टीफन सॉल्टर यांनी तरंगते कडे आणि त्याखाली लांब नळी सुचवली. लाटांच्या जोराने वरचे गरम पाणी खाली ढकलले जाईल, अशी तिची रचना. त्या कल्पनेच्या पेटंट अर्जावर बिल गेट्स यांचेही नाव आहे. नॉर्वेची ओशनथर्म ही कंपनी समुद्रात सच्छिद्र नळ्यांतून हवेचे बुडबुडे सोडून खालचे थंड पाणी वर आणू पाहते.

या सगळ्यांना मायामी विद्यापीठातल्या जेम्स ह्लिवियाक आणि डेव्हिड नोलन यांनी २०२२ मध्ये एकच प्रश्न विचारला, की किती पाणी गार करावे लागेल. संगणकावर त्यांनी २,६०,००० चौरस किलोमीटर समुद्र दोन अंशांनी थंड केला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या पाच-षष्ठांशाहून मोठे आहे. गार केलेले पाणी २१,००० घन किलोमीटर भरले. एवढे करून वादळ कमजोर झाले ते १५ टक्के. वादळ त्याच पट्ट्यावरून जाईल, हे आधी कळले पाहिजे ही अट वेगळी. पाणी गार करण्याच्या कल्पनेवर इतका स्वच्छ निकाल दुसरा नाही.

स्टॅनफर्डचे मार्क जेकबसन यांनी २०१४ मध्ये पवनचक्क्यांचा हिशेब मांडला. न्यू ऑर्लिन्ससमोर समुद्रात ७८,००० चक्क्या असत्या, तर २००५ च्या ‘कॅटरिना’चा वारा किनाऱ्यावर पोहोचण्याआधीच मोठ्या प्रमाणात पडला असता आणि समुद्राची लाट ७९ टक्क्यांपर्यंत कमी झाली असती, असे त्यांचे गणित सांगते. चक्क्या एरवी वीज देतील, ही या कल्पनेची जमेची बाजू. पण इतक्या चक्क्या एका किनाऱ्यावर उभ्या राहण्याची चिन्हे नाहीत.

वाट वळवण्याचा विचार याहून नाजूक आहे. चक्रीवादळ स्वतःच्या मर्जीने फारसे चालत नाही. पुरात वाहत जाणाऱ्या भोवऱ्यासारखे ते आजूबाजूच्या हवेच्या मोठ्या प्रवाहाबरोबर जाते. त्यामुळे वळवायचा तो प्रवाह. हवामानात सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे फार मोठा होतो, हे उघड आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉस हॉफमन यांनी तेच हत्यार करायचे ठरवले. १९९२ चे ‘इनिकी’ वादळ त्यांनी संगणकात पुन्हा उभे केले, तापमान आणि वाऱ्यात नेमके बदल केले आणि त्याची वाट सुमारे १०० किलोमीटर सरकवून दाखवली. प्रत्यक्षात ते बदल घडवायला लागणारी ऊर्जा माणसाच्या हाती नाही. आणि समजा आली, तर सरकवलेले वादळ कोणाच्या तरी दारात जाणारच. मोंथा शंभर किलोमीटर सरकले, तर दुसऱ्या तालुक्यातल्या कडपा भिजतील. कोण ठरवणार कोणत्या?

‘स्टॉर्मफ्युरी’ पॅसिफिक महासागरात न्यायचे चालले होते तेव्हा चीनने हरकत घेतली. फवारलेले वादळ वळून आपल्यावर आले तर, ही त्याची भीती. जपानने दिलेले कारण मात्र गोंदियाने लक्षात ठेवावे असे आहे. आपल्या देशाचा निम्म्याहून अधिक पाऊस या वादळांतूनच येतो, तेव्हा त्यांचा त्रास सोसू, असे जपानचे म्हणणे होते. हवामानाचा शस्त्र म्हणून वापर रोखणारा आंतरराष्ट्रीय करार १९७७ मध्ये झाला आणि भारत त्यात सामील आहे. शांततेच्या हेतूने वादळ वळवले आणि शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर ते कोणी भरायचे, याचे उत्तर त्यात नाही.

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांधसारखे तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांची साखळी आजही बांध्यांना पाणी पुरवते. हे तलाव भरतात ते जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडमार्गे येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. ती चक्रीवादळे नव्हेत. पावसाळ्यातले वरच्या थरातले वारे त्यांना तितके वाढू देत नाहीत. पण इंधन तेच, समुद्राची वाफ. एक क्षेत्र चुकले की रोवण्या खोळंबतात. एक जास्त रेंगाळले की ऑगस्ट २०२० च्या अखेरीसारखा वैनगंगेला महापूर येतो. ऑक्टोबरचा पाऊस हलक्या धानाचा घात करतो आणि तोच पाऊस उन्हाळी धानासाठी तलावात उतरतो. आजवरच्या बहुतेक कल्पनांचे लक्ष्य वारा हे आहे. त्या पूर्ण यशस्वी झाल्या तरी काकीनाड्याची घरे वाचतील, अर्जुनी मोरगावच्या कडपा वाचतीलच असे नाही. आणि ज्यांनी पाणीही थांबेल, त्या गोंदियाला परवडणाऱ्या नाहीत.

भारतातले प्रयोग पाऊस वाढवण्याचे आहेत, वादळाचे नाहीत. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने सोलापूर भागात २०१८ आणि २०१९ मध्ये २७६ ढगांवर काम केले आणि पाऊस १८ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचा निष्कर्ष काढला. आधी भरलेला ढग असेल तर थोडी भर पडते, एवढाच त्याचा अर्थ. मोंथा किनाऱ्यावर चढले त्याच २८ ऑक्टोबरला आयआयटी कानपूरच्या विमानाने दिल्लीवर फवारणी केली. ढगांत ओलावा १५-२० टक्क्यांच्या आसपास होता आणि हवा तो पाऊस झाला नाही. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या २,००० कोटींच्या ‘मिशन मौसम’मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा पुण्यात उभारण्याची तरतूद आहे. त्याच पैशातून रडार आणि अंदाजाची यंत्रणाही वाढायची आहे. यातला अंदाजाचा भाग अधिक मोलाचा आहे, हे ओडिशाने सिद्ध केले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा लाखो लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा काही दहांवर थांबला. वादळाला कोणी हातही लावला नव्हता.

मोंथाचे कमी दाबाचे क्षेत्र २५ ऑक्टोबरला ठळक झाले, २७ ला चक्रीवादळ बनले, २८ च्या रात्री किनारा गाठला आणि त्यानंतर पाणी विदर्भाकडे निघाले. उपसागरापासून बांधीपर्यंत चार ते पाच दिवस. कडपा सुकायलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. २५ तारखेचा अंदाज तालुक्याच्या नावाने आणि तारखेने त्याच संध्याकाळी गावात पोहोचला, तर उभा धान चार दिवस उभाच ठेवता येतो आणि कापलेला उचलून पुंजणे घालून ताडपत्रीखाली झाकता येतो.