तेरा चाचण्यांचा कौल
हसनाबादसारख्या गावातल्या माणसाला डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा प्रवास, दर वेळी सुमारे चार तास यंत्राशेजारी आणि बुडालेली मजुरी. डायलिसिसची वेळ लांबवणारे औषध एकाच चाचणीवरून ठरवणे धोक्याचे. तिथे योगायोग सहज फसवतो. म्हणून २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेले एकत्रित विश्लेषण मोलाचे आहे: १३ चाचण्या, सुमारे ९० हजार माणसे. डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहावरच्या औषधाच्या गटातल्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा आजार बळावण्याचा धोका ३७ टक्क्यांनी घटला. मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला. परदेशातले आकडे आपल्याला कसे लागू पडतील, ही शंका रास्त आहे. पण यातल्या एका मोठ्या चाचणीत भारतीय रुग्णही होते. कच्च्या चाचण्या एकत्र केल्या तर निष्कर्षही कच्चाच निघतो, हेही खरे. इथल्या चाचण्या मात्र मोठ्या आणि काटेकोर होत्या. भारतात २०२० मध्ये मूळ पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन स्वस्तही झाले. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. पण त्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तालुक्यातच, वेळेवर तपासली गेली पाहिजेत.