अडवले, जिरवले, वाटायचे राहिले

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या पाषाणावर बसला आहे. वरचा मुरूम पाणी पितो, खालचा अखंड फत्तर पीत नाही. साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, तेही थोडे. म्हणून श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर होळीला तळ दाखवते. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सुचवले होते की, डोंगरउतारावरचे पाणी जागोजाग बांध घालून शेतजमिनीत मुरू द्यावे. पाणलोट विकासाचा पहिला मराठी आराखडा तोच.

पुढचा बराच काळ सरकारी बांधबंदिस्तीचा. १९४२ च्या कायद्याने तिला पाठबळ दिले. कामे झाली, पण ती शेतापुरती आणि गटापुरती. नाल्याचा उगम कोणाच्या नजरेत नव्हता. १९७२ च्या दुष्काळाने चित्र बदलले. खडी फोडणाऱ्या लाखो हातांना उपयोगी काम काय द्यायचे, या प्रश्नातून पाझर तलाव आणि नालाबांध पुढे आले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने पक्की झाली. १९८३ पासून सर्वंकष पाणलोटाचा कार्यक्रम आला. माथ्यावर समतल चर, मधल्या उतारावर बांध, ओघळीत अनगड दगडी बांध आणि शेवटी नाल्यावर बंधारा, असा क्रम ठरला.

या क्रमाचा प्राण आहे समतल रेघेत. पारदर्शक नळीची दोन टोके दोन पट्ट्यांना बांधून दोघे जण उतारावर उभे राहतात. तिसरा पाण्याची पातळी न्याहाळतो. दोन्हीकडे आकडा जुळला की मागून येणारी बाई तिथे फक्कीची चिमूट टाकते. ठिपके जोडले की डोंगराच्या अंगावर नागमोडी पांढरी रेघ उमटते आणि मग कुदळ लागते. रेघ वीतभर चुकली तरी पहिल्याच वळवाच्या सरीत पाणी चराच्या एका टोकाला धावते, तिथे चर फुटतो आणि खालची माती घेऊन जातो. घाईने आखलेल्या कामांची अशी फुटकी टोके अनेक टेकड्यांवर अजून दिसतात.

पाणलोटाच्या कामाने गाजलेल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांविषयी वाचकांना नव्याने सांगण्यासारखे थोडे. मात्र हिवरे बाजारची एक गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. तिथे चर खणले गेले, तसे सिंचनासाठी बोअर घेणे थांबवले गेले, ऊस-केळी नाकारली गेली आणि पावसाच्या हिशेबाने रब्बीचे पीक गावाने ठरवले. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने दरेवाडीत आणि जालन्याच्या कडवंचीत शिस्तीचे काम उभे केले. कडवंचीची द्राक्षे हे त्याचे फळ.

२०१४ च्या अखेरीस राज्य सरकारचे जलयुक्त शिवार अभियान आले आणि कुदळीची जागा पोकलेनने घेतली. साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. २०२० च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजल वाढल्याचे मानले नाही. नाले खोल खणण्याचे समर्थक शिरपूरचा दाखला देतात. शिरपूरचे काम मोठे, पण ते तापीच्या खोऱ्यात आहे आणि तिथे गाळाचे जाड थर पाणी पोटात घेतात. तोच नमुना काळ्या पाषाणात उतरवला की नाला उघडा हौद होतो आणि शेजारच्या विहिरींचे पाणी उलट नाल्याकडे झिरपते. माथा उघडा ठेवून पायथा खणणे हे पाणलोटाचे शास्त्र नव्हे. हे भूशास्त्र ठाऊक असणाऱ्यांनीही त्या वेळी पुरेसा आवाज केला नाही, याची खंत राहते. प्लॅस्टिक अंथरलेली आणि बोअरच्या पाण्याने भरलेली शेततळी हा त्याच मालिकेतला पुढचा भाग. जमिनीच्या पोटातले पाणी उपसून उन्हात वाळत घालणे, एवढाच त्याचा अर्थ.

खरा प्रश्न मुरलेले पाणी कोणाचे, हा आहे. त्याचे एक जुने उत्तर खानदेशात सापडते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीनशेहून अधिक वर्षांची फड पद्धत होती. बंधाऱ्यातून पाट निघे, लाभक्षेत्राचे तीन-चार फड पडत, एका फडात एकच पीक असे आणि शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असे. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे पंच ठरवत. त्यामुळे तूट एकट्याच्या माथी येत नसे. पाटकरी बारे फिरवी, जागल्या राखण करी. वरच्या अंगाला हरणबारी आणि अक्कलपाडा ही धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि पंचांच्या शब्दाचे वजन उतरले.

दुसरे उत्तर पुरंदरच्या नायगावात मिळाले आणि ते अधिक धाडसी होते. पुण्यातले कारखानदार अभियंते विलासराव साळुंखे यांनी दुष्काळी कामे पाहून १९७४ मध्ये देवस्थानची ४० एकर पडीक जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याखाली विहीर घेतली आणि पाणी पुन्हा वर उचलले. हाच प्रयोग ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या आधाराने पाणी पंचायत झाला. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. दहा एकरवाल्यालाही तेवढेच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नसे. उसाला मज्जाव होता. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी काढायचा आणि पाळ्या गटाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायच्या.

पाणी पंचायत फक्त कोरडवाहू कोपऱ्यात चालते, असे पाटबंधाऱ्यांच्या काही अभ्यासकांनी हिणवले. पण वाटपाची कसोटी लागते ती टंचाईतच. उसाचे राज्याच्या लागवडीतले क्षेत्र अवघे काही टक्के, सिंचनाच्या पाण्यातला वाटा मात्र निम्म्याहून मोठा आहे. कोपऱ्यातला नियम मोठ्या खोऱ्यांना लावला असता तर पुरंदर, सांगोला, माण इथल्या कित्येक घरांत ज्वारीला दोन पाण्यांची खात्री मिळाली असती. साळुंखे २००२ मध्ये गेले. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना कायदेशीर आधार दिला आणि नाशिकजवळच्या वाघाडला शेतकऱ्यांनी पूर्ण प्रकल्प चालवून दाखवला. पण कायद्याने हक्क जोडला तो लाभक्षेत्रातल्या जमिनीलाच. भूमिहीन पुन्हा बाहेर राहिले.

पाणलोटाचा प्रश्न शेतशिवारात संपत नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या नळापर्यंत पोचणारे मुंबईचे पाणी मुख्यतः वैतरणा, तानसा आणि भातसा यांच्या खोऱ्यांतले आहे. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात, कारण धरणाच्या पाण्यात पाड्यांचा वाटा ठरलेला नाही आणि वरच्या डोंगरउतारावर चरांची कामे तुटपुंजी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या बायका टँकर रित्या विहिरीत ओतला जाईपर्यंत काठावर थांबतात आणि नंतर एकेक पोहरा वर ओढतात.