गांडूळखताचा वाफा : थंडीतली काळजी

मढ (ता. जुन्नर) : माळशेज घाटाजवळचा भातपट्टा. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार.

• गांडूळ : आयसेनिया फेटिडा. कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, वरच्या थरात राहते.

• तापमान : २० ते ३० अंश सेल्सिअस मानवते. १० अंशांखाली खाणे आणि प्रजनन मंदावते. खत उशिरा तयार होते.

• पांघरूण : ओलसर गोणपाट, वर भाताचा पेंढा. प्लास्टिक घट्ट गुंडाळल्यास हवा कोंडते.

• पाणी : थंडीत वाफा सावकाश सुकतो. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. शिंपण दुपारी, बेताने.

• शेण : ऊब मिळावी म्हणून ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते आणि गांडुळे मरतात. १५ ते २० दिवस मुरलेले शेणच वापरावे.