स्पीड टेस्टचा आकडा नीट वाचूया

घरी २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण टेस्ट लावली की आकडा ४० च्या पुढे सरकत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही तक्रार आली की दोन सल्ले लगेच मिळतात : कंपनी बदला, नाहीतर मोठा प्लॅन घ्या. दोन्हींत पैसे जातात आणि बऱ्याचदा अडचण जिथल्या तिथे राहते, कारण दोष नेमका कुठे आहे हे कुणी तपासलेलंच नसतं. तो शोधायला स्पीड टेस्ट फार उपयोगी पडते. फक्त ती नीट लावायला आणि तिचा निकाल समजून घ्यायला हवा.

टेस्टचं बटण दाबलं की तुमचा मोबाइल किंवा लॅपटॉप एका सर्व्हरला छोटासा संदेश पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतो. हा पिंग. मग काही सेकंद तो तिथून जमेल तितका डेटा ओढतो, हे डाउनलोड. आणि तसाच डेटा उलट पाठवतो, ते अपलोड. ही मोजणी सगळ्या वाटेची असते : वाय-फाय, राउटर, घरापर्यंत आलेली फायबर, कंपनीचं नेटवर्क आणि पलीकडचा सर्व्हर. यातला जो टप्पा सर्वांत कमजोर, त्याचाच वेग आपल्याला दिसतो.

एककाचा घोळही आधीच मिटवलेला बरा. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजली जाते. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर फाइल उतरताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले, तर वेग पूर्ण मिळतो आहे असं समजावं.

वाय-फाय आधी बाजूला ठेवा

पहिली टेस्ट लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून करावी. व्हीपीएन बंद, बाकीची डाउनलोड थांबवलेली. केबलवर २०० आणि वाय-फायवर ४० आले, तर कंपनीकडून येणारं कनेक्शन ठीक आहे, अडथळा घरात आहे. फायबर दारातून आत येते म्हणून राउटरही दाराजवळच, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे बसवला जातो. शेवटच्या बेडरूमपर्यंत सिग्नल दोन-तीन भिंती ओलांडून पोहोचतो. त्यात मोबाइल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असेल तर वेग आणखी पडतो. हा पट्टा भिंतींतून लांबवर जातो खरा, पण त्यात एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच आहेत : १, ६ आणि ११. इमारतीतले सगळे राउटर तेच वाटून घेतात, मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच्याच आसपास चालतो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा आणि जवळच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वापरा. एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

केबल लावूनही आकडा दर वेळी ९३-९५ च्या दरम्यानच अडकत असेल, तर ती ठळक खूण आहे. वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट आहे. त्यातला थोडा वाटा डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांतच जातो आणि हाती ९४-९५ उरतात. एकतर राउटरचे पोर्ट जुन्या प्रकारचे असतात, किंवा दोष केबलमध्ये असतो. केबलच्या टोकाची पारदर्शक क्लिप उजेडात धरून पाहा. आत आठ रंगीत तारा ओळीने बसलेल्या दिसायला हव्यात. गिगाबिट वेगाला आठही लागतात; चारच जोडल्या असतील किंवा एखादी निसटली असेल, तर वेग शंभरावर येतो. अशा वेळी केबल बदलली की काम होतं.

डाउनलोड चांगलं, तरी कॉल अडखळतो

फुल एचडी चित्रपटासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस पुरेसे मानतं, ४के साठी १५. म्हणजे चौघांच्या घराला १०० सहसा कमी पडत नाहीत. तरीही ऑनलाइन मुलाखत ऐन मोक्याला गोठते, तेव्हा अपलोड आणि पिंग पाहावा. त्याच वेळी घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून फोटोंचा बॅकअप सुरू असतो. अपलोडची वाट भरून जाते, राउटर डेटाची लांबलचक रांग लावतो आणि तुमचा आवाज घाटात ट्रकांमागे अडकलेल्या एसटीसारखा खोळंबतो. अमेरिकी अभियंते जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर हाच दोष आढळला. तो आज बफरब्लोट म्हणून ओळखला जातो. ऊकलाची स्पीडटेस्ट निवांत असतानाचा, डाउनलोडच्या वेळचा आणि अपलोडच्या वेळचा असे वेगवेगळे पिंग दाखवते. निवांत असताना ८ आणि अपलोडच्या वेळी ३०० आले, तर दोष इथेच आहे. बॅकअप रात्रीवर ढकला आणि राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची, सोय असेल तर ती चालू करा.

काही उशीर मात्र अंतराचाच असतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, त्यामुळे आणखी जास्त. तिथल्या नातवाशी बोलताना जाणवणारा हा थोडासा उशीर कोणताही प्लॅन घालवू शकत नाही.

कोणता सर्व्हर, किती वाजता

ऊकलाची टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते; तो अनेकदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मोजते. पहिलीत २०० आणि दुसरीत ६० आले, तर घरापर्यंतची लाइन ठीक आहे, अडचण तिच्यापुढच्या वाटेत आहे. शिवाय घरगुती फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची एक वाहिनी ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाऊ शकते. म्हणून सकाळी आणि रात्री नऊनंतर, त्याच लॅपटॉपवर आणि त्याच सर्व्हरवर मोजून पाहा. महिनाअखेरीस वेग एकदम कोसळत असेल, तर एफयूपीची, म्हणजे पूर्ण वेगाने वापरता येणाऱ्या डेटाची, मर्यादा ओलांडली का, हे कंपनीच्या अॅपमध्ये तपासा.

केबलवरही वेग सतत कमी येत असेल तर मात्र गप्प बसू नका. तारीख, वेळ, सर्व्हर आणि तिन्ही आकडे दिसतील असे स्क्रीनशॉट जमवा, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. दूरसंचार नियामक असलेली ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. भारतात जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान २ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे २०० चा आग्रह धरताना आपल्या हाती प्लॅनच्या लेखी अटी आणि आपली नोंद, एवढंच असतं. ती नोंद पक्की असली की ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढ्यावर कुणी बोळवण करू शकत नाही.

आज मुलांची परीक्षा, घरून चालणारी नोकरी, तालुक्याच्या गावातून शहरातल्या डॉक्टरांशी होणारं बोलणं हे सगळं याच लाइनवर चालतं. त्यासाठी दरमहा पैसे मोजणाऱ्याला आपल्या कनेक्शनचं दुखणं कळायलाच हवं. म्हणून मोठ्या प्लॅनचा विचार करण्याआधी केबल लावून एकदा मोजा. वेग पूर्ण आला तर पैसे राउटरवर आणि केबलवर खर्च करा. नाही आला, तर तो कंपनीकडे हक्काने मागा.