पांढरा गाऊन, काळा सूट आणि फ्लॅशचा हिशेब

वसईतल्या ख्रिस्ती लग्नाचा रोलच्या काळातला अल्बम उघडला की नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये आणि नवरा काळ्या सुटात शेजारी उभे दिसतात. फोटोग्राफरचा कस लागावा तो इथेच. कॅमेऱ्यातला मीटर समोरची प्रत्येक वस्तू मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारी, असं धरूनच आकडा सांगतो. चौकटीत गाऊन जास्त आला की मीटर प्रकाश कमी करायला लावतो आणि शुभ्र कापड मळकट उतरतं. सूट जास्त आला की उलटा प्रकार: काळा रंग करडा पडतो, गाऊनची लेस जळते. जाणता माणूस मग आपल्या तळहातावर मीटर धरायचा आणि एक स्टॉप वाढवायचा, कारण तळहात त्या राखाडीपेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो.

स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निम्मं. अॅपर्चर एफ ५.६ वरून ८ वर नेलं की प्रकाश निम्मा, शटर १/६० वरून १/१२५ केलं तरी निम्मा, आणि १०० ऐवजी २०० एएसए संवेदनशीलतेचा रोल घातला की निम्म्या प्रकाशात काम भागतं. उन्हात हे तिन्ही एकमेकांची भरपाई करतात. फ्लॅश आला की हा सरळ हिशेब मोडतो.

फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. शटर १/६० असो वा १/१५, फ्लॅशचा उजेड फिल्मवर तेवढाच पडतो. तो आवरायचा अॅपर्चरने आणि अंतराने. फ्लॅशचा गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे अॅपर्चर: १०० एएसएला मीटरमध्ये २८ नंबरचा फ्लॅश असेल, तर साडेतीन मीटरवरच्या जोडप्याला एफ ८, सात मीटरवर एफ ४. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो.

म्हणूनच अनेक अल्बमांत जोडपं लख्ख आणि मागे काळोख दिसतो. नवरा-नवरी साडेतीन मीटरवर आणि वेदी चौदा मीटरवर असेल, तर तिथे सोळावा हिस्सा उजेड पोचणार. निर्मळ, नंदाखाल, पापडीच्या चर्चमध्ये वेदीवरच्या मेणबत्त्या आणि फुलांची आरास फोटोत हवी असेल, तर कॅमेरा स्टँडवर लावून शटर १/१५ किंवा १/८ वर आणायचं. जोडप्याला फ्लॅश उजळतो, वेदीला तिथलाच मंद प्रकाश. एका क्लिकमध्ये दोन एक्स्पोजर सांभाळणं हीच या कामातली खरी विद्या, असं माझं ठाम मत आहे.

वेगाची वरची मर्यादाही असते. एसएलआरच्या शटरला दोन पडदे असतात आणि ठरावीक वेगापुढे दोन्हींमधली फटच फिल्मवरून सरकते. त्या वेळी फ्लॅश मारला की फोटोचा एक भाग काळा येतो. पेंटॅक्स के १००० ला ही सिंकची मर्यादा १/६० आहे. याशिका मॅट १२४ जी सारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात पाकळ्यांचं शटर असल्याने १/५०० पर्यंत कुठलाही वेग चालतो.

याचा फायदा वसईच्या किल्ल्यात कळतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेल्या या किल्ल्यातली बहुतेक चर्च आज छतांविना उभी आहेत. दुपारी डोक्यावरचं ऊन थेट आत येतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ती सावली फ्लॅशने भरून काढावी लागते. कडक उन्हात १०० एएसएला १/१२५ आणि एफ १६ हे ढोबळ गणित. त्या अॅपर्चरला २८ नंबरचा फ्लॅश जेमतेम पावणेदोन मीटर पोचतो. पाकळ्यांच्या शटरवर मात्र १/५०० आणि एफ ८ घेता येतं, ऊन तेवढंच राहतं आणि फ्लॅश साडेतीन मीटर जातो. जोडपं डोक्यापासून पायापर्यंत घेता येईल एवढी जागा त्यातून मिळते. सावली हलकी ठेवायची असेल तर फ्लॅश हिशेबापेक्षा एक स्टॉप कमी द्यायचा.

घरातल्या विधींत बाउन्सचा मोह होतो. पांढऱ्या स्लॅबवरून उलटलेला उजेड मऊ पडतो, पण कौलारू घरात कौलं उजेड गिळतात आणि रंगीत रोलवर उरलेला तांबूस करून सोडतात. तिथे फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधून अॅपर्चर एखादा स्टॉप उघडलेलं बरं.

चूक होणारच असेल तर निगेटिव्ह रोलवर ती ओव्हरकडे झुकवावी. एक-दोन स्टॉप जादा पडलेलं प्रिंट करताना बऱ्यापैकी सावरतं; अंडर गेलेल्या सुटाच्या काळ्या भागात निगेटिव्हवर काहीच उमटलेलं नसतं, आणि तिथल्या घड्या कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.