चित्राची पाठ

कुणाच्या घरी तैलचित्र दिसलं की मी घरच्यांना विचारून ते भिंतीवरून उतरवतो आणि आधी उलटं करून बघतो. लाकूड कोणतं आहे, कोपऱ्यांत पाचरी आहेत की खिळे ठोकून चौकट बंद करून टाकली आहे, कापडाची वीण किती दाट आहे, ते सगळं पाठीवरून कळतं. सगळ्यात आधी मी शोधतो ते कापडावर मागून उमटलेले तपकिरी, तेलकट डाग. ते दिसले की समजावं, चित्र पुढून कितीही देखणं असलं तरी त्याचं कापड आतून जळत चाललं आहे.

चांदूर रेल्वेत चित्रकला शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं, पुढे एटीडी करून शिक्षक झालेले, थोडे नागपूरला-मुंबईला जाऊन चित्रकार झालेले, सगळ्यांना मी एकच हट्टाची गोष्ट शिकवत आलो. रंगाची ट्यूब उघडण्याआधी निदान एक कॅनव्हास स्वतःच्या हाताने ताणा, त्याला खळ द्या, त्याचं अस्तर घासा. तयार कॅनव्हास आता अमरावतीत सहज मिळतो आणि घाईच्या कामाला तो वाईट नाही. पण ज्याने एकदाही कॅनव्हास तयार केला नाही, त्याला आपण कशावर रंगवतो आहोत हे ठाऊक नसतं.

हे मी नुकसान सोसून शिकलो. आजोबांचं मोठं व्यक्तिचित्र करायचं होतं. दुकानातून मांजरपाट आणला, चौकटीवर ठोकला, भिंतीला लावायच्या प्रायमरचे दोन हात मारले आणि दुसऱ्या दिवशी रंगवायला बसलो. चित्र चांगलं झालं. आजीने पदराने डोळे पुसले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात चारही कोपऱ्यांत तिरक्या भेगा गेल्या. पाचव्या वर्षी फेट्याजवळचा पांढरा रंग पापुद्रे होऊन सुटू लागला. मागे पाहिलं तर कापड चहा सांडल्यासारखं झालेलं, आणि कडेला बोटाने जरा ओढलं तर टर्रकन फाटलं. आजोबा गेले होते, दुसऱ्यांदा बसवून काढणं शक्य नव्हतं. आजोबांचा चेहरा मला हुबेहूब साधला होता, आणि तो मी मांजरपाटावर निष्काळजीपणाने उतरवून घालवला.

नेमकं काय झालं होतं ते सांगतो. तैलरंगातलं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि घट्ट होऊन त्याचा चामड्यासारखा पापुद्रा बनतो. वाळताना त्याचं वजन आधी कमी होण्याऐवजी वाढतं. ह्या क्रियेत आम्लं तयार होतात. ती कापसाच्या किंवा तागाच्या धाग्याला पोचली की धागा ठिसूळ होतो. म्हणून कापड आणि तेल ह्यांच्यामध्ये काहीतरी आड असावं लागतं. ते आड म्हणजे खळ. इंग्रजी पुस्तकांत त्याला सायझिंग म्हणतात, पण आपल्या विणकरांना ही गोष्ट फार जुनी. ताण्याच्या सुताला पेज लावून बळकट करायचं, त्याला पांजणी म्हणतात. धनगरांच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. ओडिशाच्या पटचित्रातही कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूच असतो. मुलांना मी घोंगडीपासूनच सुरुवात करून देतो. ती एकदा हातात धरली की सायझिंग म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि वऱ्हाडातल्या माणसाने तर ह्या विषयाला परका म्हणूच नये. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे पऱ्हाटीची बोंडं फुटतात, सीतादहीची पूजा करून वेचणी लागते, आणि त्याच दिवसांत रब्बीच्या वावरात जवस पेरला जातो. पुढे थंडीत त्याला निळी फुलं येतात. सकाळी उमललेलं फूल दुपारपर्यंत गळतं, त्यामुळे ते निळं वावर बघायचं तर लवकर उठावं लागतं. ह्या दोन पिकांवर तैलचित्र उभं आहे. कापसाचं कापड, जवसाचं तेल. जवसाचं शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये ठेवलं, लायनम युसिटॅटिसिमम, म्हणजे अत्यंत उपयोगाचं. त्याच झाडाच्या उंच, फांद्या नसलेल्या जातींच्या खोडातून लिननचा धागा निघतो. आपल्याकडचा जवस बुटका, फांद्या फुटणारा, बियांसाठी लावलेला. म्हणजे युरोपातल्या चित्रकाराचं कापड आणि तेल दोन्ही एकाच झाडाचं असायचं. आपल्याकडे त्यातलं कापड कापसाने दिलं.

आमच्या चांदूरच्या नावात रेल्वे आली ती ह्याच जिल्ह्यात चांदूर बाजार आहे म्हणून. पण रेल्वे आमच्या मुलखात आली त्यात कापसाचा मोठा वाटा होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम मोल आलं. १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोचली. जिनात सरकी काढून दाबलेल्या रुईच्या गाठी ह्याच रुळांवरून मुंबईला आणि तिथून बोटीने विलायतेला गेल्या. विलायतेहून इकडे आलेल्या ट्यूबा, कुंचले, कॅनव्हासच्या गुंडाळ्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या वर्गांत उघडल्या जात होत्या. ही शाळा १८५७ मधली. मला नेहमी वाटतं, त्या गुंडाळ्यांत कुठेतरी आपल्या पऱ्हाटीचाही धागा असेल.

जवसाच्या तेलाबद्दल एक खबरदारीची गोष्ट. रंगाऱ्याच्या दुकानात जे बेलतेल मिळतं ते उकळून, त्यात लवकर वाळवणारे धातूंचे क्षार घालून केलेलं असतं. दारं-खिडक्यांना ते ठीक. चित्रात ते काळवंडतं. घाण्यावरचं खायचं तेलही तसंच वापरू नये, त्यात चिकट गाळ असतो. चित्राला शुद्ध केलेलं तेल हवं. करडईचं तेल कमी पिवळं पडतं म्हणून पांढऱ्या रंगात वापरतात, पण त्याचा पापुद्रा कमजोर आणि ते वाळतंही सावकाश, त्यामुळे ते खालच्या थरात नको. आणखी एक, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि ढिगात ती कोंडून चिंधी आपोआप पेटू शकते. आमच्याकडच्या मे महिन्यात तर हा धोका खराच. चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा तारेवर सुट्या वाळत घाला.

आता चौकट. सागाची असली तर उत्तम, नसली तर सरळ रेषेचं, चांगलं मुरलेलं कोणतंही लाकूड. दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. आणि आतल्या बाजूचा काठ रंध्याने उतरवायचा, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकतं. हे न केल्यास काही वर्षांनी चित्रावर आतल्या पट्टीची रेघ उमटते. माझ्या मिस्त्रीने पहिल्यांदा विचारलं होतं, "सर, आतला काठ काहाले उतरवता? दिसनार त नाही." मी त्याला जुन्या चित्रावरची ती रेघ दाखवली. तेव्हापासून तो न सांगता उतरवतो.

कापडाला मुलं नुसतं 'कॅनव्हास' म्हणतात. ते डक असतं. डच भाषेत कापडाला डुक म्हणतात, त्यावरून तो शब्द आला. वजन औंसांत सांगतात. दहा औंसांचं कापड म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम, मध्यम आकाराला ते पुरतं. चार फुटांच्या पुढे मी बारा औंसांचं घेतो. सरावाला मांजरपाट किंवा दोसुती चालते, पण गिरणीची कांजी जाईपर्यंत कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून. धुतल्यावर ती जेवढी आटायची तेवढी आधीच आटते.

ताणताना चारही बाजूंना दोन-तीन इंच जास्त कापड सोडायचं आणि वीण चौकटीच्या कडेला समांतर ठेवायची. पहिला चुका वरच्या पट्टीच्या मध्यावर. दुसरा समोरच्या पट्टीच्या मध्यावर, पकडीने कापड ओढून. मग डावी-उजवी. चार चुके बसले की कापडावर चौकोनी पतंगासारखी सुरकुती दिसते. ती दिसली म्हणजे ओढ बरोबर पडली. मग मध्यापासून कोपऱ्यांकडे, दोन-दोन इंचांवर, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. एकच बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे वळलात तर वीण तिरपी होते आणि पुढे काही केल्या सरळ होत नाही. मधोमध टिचकी मारली की डफड्यासारखा दबका आवाज यायला हवा. टणक आवाज येईपर्यंत ओढू नये, कारण खळ लागल्यावर कापड आणखी आवळतं. पाचरी शेवटी. प्रत्येक कोपऱ्यात दोन, एकूण आठ. तयार कॅनव्हासबरोबर ह्या पाचरींची छोटी पिशवी येते आणि मुलं ती फेकून देतात. फेकू नका. पावसाळ्यात कापड ढिलं झालं की त्याच हलक्या हाताने ठोकायच्या असतात.

जुन्या पद्धतीत खळ सरसाची. कातडीचा सरस, उत्तम म्हणजे सशाच्या कातडीचा, लिटरभर पाण्याला साधारण ७० ग्रॅम. रात्री भिजत घातला की सकाळी साबुदाण्यासारखा फुगलेला असतो. भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. उकळी आली की सरसाचं बळ जातं. खोलीभर ओल्या चामड्याचा वास सुटतो आणि घरातली माणसं खिडक्या उघडतात. थंड झाल्यावर तो अलवार जेलीसारखा झाला पाहिजे. हाताने चिरला तर कडा ओबडधोबड फाटाव्यात, काचेसारख्या नाही. कापडाला तो अर्धवट थंड, जेलीच्या बेतात असताना फासतात, म्हणजे तो वीण भेदून पलीकडे जात नाही, वरच बसतो.

सरसावर शतकानुशतकं चित्रं उभी राहिली, तरीही मी आता आमच्या भागात सरस सुचवत नाही. हा निर्णय मला सोपा गेला नाही, तो वास मला आवडतो. पण सरस हवेतलं पाणी पितो. आर्द्रता वाढली की फुगतो आणि ढिला पडतो. हवा कोरडी झाली की आटतो आणि सगळ्या चित्राला ओढतो. स्मिथसोनियन संस्थेतले मॅरियन मेक्लेनबर्ग ह्यांनी चित्राच्या एकेका थराचा ताण मोजून दाखवलं, की कोरड्या हवेत सर्वांत जोराची ओढ ह्या पातळ सरसाच्या थराचीच असते. अमरावती-अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवेत ओल नावाला नसते, आणि जूनच्या पावसानंतर तीच खोली दमट. वर्षातून दोनदा हा सरस चित्राला ओढतो आणि सोडतो. कोपऱ्यांतल्या तिरक्या भेगा अशाच पडतात. म्हणून आता मी अॅक्रिलिक माध्यमाचे दोन पातळ हात देतो. सुतारकामाचा पांढरा डिंक पाणी घालून लावणारे पुष्कळ आहेत. सरावाला चालतो, टिकवायच्या कामाला मी त्यावर विसंबत नाही.

खळीवर अस्तर येतं, म्हणजे ग्राउंड. गेसो हा इटालियन शब्द, अर्थ जिप्सम. जुना गेसो म्हणजे सरस आणि खडू किंवा जिप्सम, लाकडी फळीवर सुंदर, कापडावर लवचिक नसल्यामुळे तडकणारा. कापडासाठी युरोपात तेलातला शिशाचा सफेदा वापरत. तो विषारी आहे, घरात नकोच. जस्ताचा सफेदा काहीजण अस्तरात घालतात. तोही टाळावा, त्याचा थर काही वर्षांत ठिसूळ होऊन सुटतो. बाजारातला अॅक्रिलिक गेसो १९५० च्या दशकात अमेरिकेत आला आणि आता जगभर तोच चालतो. पहिला हात आडवा, वाळल्यावर काचकागदाने हलकं घासून दुसरा उभा, मग तिसरा आडवा. तैलरंग लावण्याआधी तीन दिवस थांबा. तेलाचं अस्तर केलं तर आठवडे थांबावं लागतं, आणि त्यावर अॅक्रिलिक कधीही लावायचं नाही, ते सुटतं.

अस्तर करण्याची बुद्धी आपल्या मातीत किती जुनी आहे, हे पाहायला अजिंठ्याला जावं. खडबडीत कातळावर आधी माती, तांदळाचा तूस आणि गवताचे तंतू मिसळलेला गिलावा, त्यावर चुन्याचा अगदी पातळ, गुळगुळीत थर, आणि मग रंग. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी ही चित्रं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत उतरवली. वीसएक वर्षं ते अजिंठा गावात राहिले. ती चित्रं लंडनला गेली आणि १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जवळपास सगळी जळाली. पुढे १८७२ पासून जे.जे. स्कूलचे ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला करायला बसले. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारले आणि भुसावळला पुरले गेले. आमच्या लोहमार्गावरचंच गाव. तिथून जाताना मला त्या गिलाव्याची आठवण येते. तुसाचा तो गिलावा अजून कातळावर आहे.

अस्तराचं हेच मोल अलीकडच्या चित्रांतही दिसतं. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रंग रोलरने आणि रंगपट्टीच्या सुरीने लावत, पुसत, पुन्हा लावत. वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं. त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की रंग कापडाच्या आतून उजळतो आहे असं वाटतं. इतके पातळ थर इतक्या वेळा सहन करणारं अस्तर खाली नीट असेल, तरच ते शक्य होतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक सवय लावली आहे. कॅनव्हास तयार झाला की पाठीवर पेन्सिलीने लिहायचं: कापड कोणतं, धुतलं की नाही, खळ कशाची, अस्तराचे हात किती, महिना आणि वर्ष. ह्या आषाढात एका मुलीने दोन सारखे कॅनव्हास केले, एक सरसाचा, एक अॅक्रिलिकचा, दोन्हींवर तोच जवसाच्या फुलांचा निळा रंग. दोन्ही माझ्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगले आहेत. त्या भिंतीवर मे महिन्यात हात टेकवत नाही. सरसाचा कॅनव्हास श्रावणात मधोमध बोटभर झुकला होता, आता दिवाळीच्या कोरड्या हवेत पुन्हा ताठ झाला आहे. रोज सकाळी ती दोन्हींना टिचकी मारून वहीत लिहून ठेवते.