रुळांनी वसवलेली कुर्डुवाडी

माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीला रेल्वेनेच शहर केले, आणि तेही शेजारच्या बार्शीसाठी टाकलेल्या रुळांमुळे.

बार्शी राहिली बाजूला

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला जीआयपी कंपनीचा लोहमार्ग १८५९ मध्ये इथवर आला. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी तिथून २१ मैल दूर राहिली. म्हणून कुर्डू गावाजवळच्या या स्टेशनाचे नाव पडले ‘बार्शी रोड’. कापसाच्या बैलगाड्या तिथपर्यंत यायच्या.

कॅलथ्रॉपची अडीच फुटी

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही उणीव हेरली. त्याच्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीने १८९७ मध्ये बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. त्याची खरी हुशारी वजनाच्या हिशेबात होती. इंजिन असो वा वाघीण, एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले आणि तरीही भरपूर माल वाहता आला. जगभरच्या नॅरोगेज रेल्वेंच्या इतिहासात बार्शीचे नाव आदराने घेतात ते यासाठी. आपल्याकडेच ते फारसे कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

जंक्शनचे गाव

१९०६ मध्ये फाटा पंढरपूरला पोचला, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. दोन्ही रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे डबे पुढे जात नसत. छोट्या वाघिणीतली कापसाची गाठ उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावी लागे. पुण्या-मुंबईचे वारकरीही इथेच गाडी बदलत. मग हमाल आले, रेल्वे कामगार आले, वर्कशॉप उभे राहिले, चाळी झाल्या. माझ्या मते कुर्डुवाडी घडली ती या थांब्यामुळे.

पुढे

१९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. २००८ पर्यंत लातूरकडची आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मिरजेपर्यंतची लाइन ब्रॉडगेज झाली. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच मार्गाने. पहिल्या खेपेला तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते.